पातळ कापडाची पिशवी

सायकलच्या हँडलला बांधायच्या पिशवीसाठी रुचिनं दोन कापडं मागवली होती. एक ताडपत्रीसारखं जाड. दुसरं सिलिकॉन लावलेलं नायलॉन, मुठीत मावेल इतकं पातळ.

"दीदी, जाडच घे," धाकटा अर्पित म्हणाला. "रस्ता काट्याकुट्याचा आहे."

"लहानपणापासून डायबेटिस वागवतेय. त्यात आणखी ओझं नको."

तिनं पातळ कापडाचीच पिशवी शिवली. आत रेनकोट आणि ग्लुकोजच्या पुड्या भरल्या.

नवीन जालन्याहून दोघं सकाळीच निघाले. राजूरला न थांबता हसनाबादकडच्या पाणंदीला लागले. दोन्हीकडच्या बाभळी अंगावर येत होत्या. बरंच आत गेल्यावर रुचि एकाएकी थांबली. चेहरा घामानं डबडबलेला, हात थरथरत होते.

"ग्लुकोज दे. जल्दी."

अर्पितनं पिशवीत हात घातला, तर बोटं तळातून बाहेर आली. काट्यानं कापड उभं फाटलं होतं. आत नुसता रेनकोट. पुड्या वाटेत कुठं सांडल्या, कोण जाणे! मोबाइलला रेंज नव्हती.

"दीदी, इकडे बघ!"

"मम्मी कुठंय?" रुचिनं विचारलं. ती त्याच्याकडे बघत होती, पण ओळखत नव्हती.

धावत जावं, तर ही इथं कोसळेल. थांबावं, तर डोळ्यांदेखत शुद्ध हरपेल. तिला बांधावर टेकवून तो जीव खाऊन ओरडला, "कुणी आहे का?"

तो पुन्हा ओरडला. कपाशीतून एक म्हातारी उठली. गोजरबाई.

"काय झालं रं?"

"मावशी, हिची शुगर उतरलीय. गोड काही आहे का?"

"खोपीत च्याची साखर हाय. थांब!"

म्हातारीला यायला जो वेळ लागला, त्यात रुचिची मान दोनदा खाली गेली. अर्पित तिचं नाव घेत गाल थोपटत राहिला. गोजरबाईनं डबाच आणला. रुचिला अजून गिळता येतंय, हे बघून अर्पितनं चिमूट चिमूट साखर तिच्या जिभेवर ठेवली. "गिळ, दीदी. गिळ ना." तिचे ओठ हलले.

हळूहळू थरथर कमी झाली.

"रडतोस कशाला, अर्पित?" ती क्षीण आवाजात म्हणाली.

तिच्या तोंडून आपलं नाव ऐकून तो मटकन खाली बसला.

"पुढच्या वेळी जाड कापड," ती पुटपुटली.

"आन् साखर दोघांच्याबी खिशात ठिवा," गोजरबाई म्हणाली.

डांबरी रस्ता लागेपर्यंत दोघं सायकली हातात धरून चालले. रुचि बोलत होती, हसतही होती. अर्पित मात्र दर थोड्या वेळानं तिला विचारत होता, "माझं नाव काय?"