ट्रकांचं पांघरूण

पायेरेने पकडलेले मासे मेल्यावरही वाढत. सकाळी वीतभर असलेला मासा दुपारपर्यंत हातभर व्हायचा, आणि रविवारी चर्चच्या पायरीवर तोच मासा म्हाताऱ्याला होडीसकट ओढत न्यूझीलंडकडे निघालेला असायचा. पॅसिफिकमधल्या अख्ख्या अटिउ बेटाला हे ठाऊक होतं आणि कुणाची तक्रार नव्हती. बेट एवढंसं. खऱ्या गोष्टी न्याहारीलाच संपतात, मग उरलेला दिवस माणसांनी ढकलायचा कसा?

त्याची बायको आकाइटी तेवढी प्रत्येक थापेला सुई टोचायची.

"म्हाताऱ्या, मागच्या खेपेला त्या माशाला एकच डोळा होता."

"दुसरा मिटलेला होता. तुला बघून उघडला."

पण एक थाप अशी होती की तिला आकाइटीने कधी सुई लावली नाही. उलट ती थाप उशाशी घेऊन ती झोपत होती. आज दुपारच्या विमानाने तीच थाप उघडी पडायला येत होती, म्हणून पायेरे धावपट्टीच्या कडेला उभा राहून निथळत होता. डिसेंबरचं ऊन रणरणत होतंच, पण हा घाम उन्हाचा नव्हता.

झालं होतं ते असं. हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या जून-जुलैत, त्यांचा एकुलता एक मुलगा तेओ ऑकलंडला गेला. म्हणजे राहायला तो तरुणपणीच गेला होता. हिवाळ्यात तो कायमचाच गेला. गोदामात काम करता करता छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. त्याला माती तिथेच द्यायचं ठरलं. आकाइटीकडे तेव्हा एक गोधडी तयार होती. बेटावर तिला तिवाएवाए म्हणतात. पांढऱ्या कापडावर कापडाचीच फुलं कातरून, टाक्याला टाका लावून बायका वर्षानुवर्षं शिवतात. ही तिने नातवासाठी शिवली होती. पोराचे केस जन्मापासून वाढवायचे आणि एक दिवस गाव जमवून, आजीच्या गोधडीने सजवलेल्या खुर्चीत त्याला बसवून, एकेका नातलगाने एकेक बट कापायची, अशी रीत. आणि माणूस गेला की त्यालाही अशाच गोधडीत गुंडाळायचं, हीसुद्धा रीतच.

"नातवाला दुसरी शिवेन," आकाइटी म्हणाली होती. "ही तेओला पाठव. माझ्या हातचं काही अंगावर नसताना माझं पोर मातीत जाता कामा नये."

पायेरे गोधडी खांद्यावर टाकून विमानाकडे निघाला. वाटेत झाडीत पुरुषांचा अड्डा होता. पोखरलेल्या बुंध्यात संत्र्याची दारू, भोवती बाकडी, आणि नारळाची एकच करवंटी हातोहात फिरणारी. तिथे हाक आली तर ओलांडून जात नाहीत. आणि ज्याच्या घरी मरण आहे त्याला तर हाक येतेच. प्रार्थना झाली. करवंटी फिरली. कुणीतरी म्हणालं, "पायेरे, पोराबद्दल दोन शब्द सांग."

दोन शब्द! पायेरेने सुरुवात केली. पाच वर्षांचा तेओ खडकावरून समुद्रात उडी मारतो. सात वर्षांचा तेओ खेकड्याला दोरी बांधून शाळेत नेतो. बापे ऐकत होते, हसत होते, डोळे पुसत होते. गोष्टीत तेओ जिवंत होता, म्हणून पायेरेला ती संपवता येईना. गोष्टीतला तेओ सतरा वर्षांचा झाला तेव्हा विमान त्यांच्या डोक्यावरून निघून गेलं. पुढचं विमान यायच्या आत तिकडे माती देऊन झाली असती.

तो घरी आला तेव्हा आकाइटी दारात बसली होती.

"पोचवलीस?"

"पोचवली," पायेरे म्हणाला.

आणि मग सवयीने थाप वाढत गेली. टेलिफोनवर आकाइटीला रडण्यापलीकडे काही जमत नसे, त्यामुळे तिकडची खबर त्याच्याच तोंडून यायची. गोधडी उलगडली तसं अख्खं चर्च उभं राहिलं. पाद्रीबाबा स्तोत्र म्हणता म्हणता मध्येच थांबले आणि विचारू लागले, ही फुलं कोणत्या हातांनी शिवली? आकाइटीने हे शिवणाच्या बायकांना सांगितलं. बायकांनी दुसऱ्या गावात नेलं. एकदा तर पायेरेला ती गोष्ट चर्चमध्ये दुसऱ्याच कुणीतरी सांगितली, आणि तोही रडला.

विमान उतरलं. सून तेपाएरू उतरली, मागे नातू मोएरोआ, कमरेपर्यंत केस, तोंडात चॉकलेट. पायेरेने सुनेला सामानाच्या आडोशाला नेलं आणि सगळं सांगितलं.

तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "पापा, मला खोटं बोलता येत नाही."

"बोलायचं कुठंय? फक्त मान हलव. बोलायला मी आहे."

"तेच तर," ती म्हणाली. पण तिने मान हलवली.

पहिले दिवस बरे गेले. घरात इतक्या वर्षांनी आरडाओरडा झाला. मोएरोआ आंब्याच्या झाडावरून खाली यायला तयार नसे. आजी खालून पाव दाखवून त्याला उतरवायची, मांडीशी धरून केसांतली पानं वेचायची. हे केस रोज सकाळी कामावर जायच्या आधी तेओ विंचरायचा, वेणी घालायचा. "तुझ्यापेक्षा घट्ट घालायचे डॅडी," मोएरोआ म्हणायचा, आणि आजी आणखी घट्ट आवळायची. नाताळच्या जेवणाला तिने चुकून एक ताट जास्त वाढलं. पायेरेने ते ताट ओढून खाल्लं आणि रात्रभर पोट धरून बसला.

मग केस कापायचा दिवस जवळ आला. दुपारी आकाइटी ओट्यावर नातवाची वेणी घालत होती. सून तारोचे कंद सोलत होती, आणि पायेरे अंगणात गळाची दोरी सोडवत असल्याचं सोंग करत होता.

"खुर्चीवर घालायला माझ्या बहिणीकडची गोधडी मागून आणू," आकाइटी म्हणाली. "माझी तुझ्या डॅडीबरोबर गेली ना राजा."

"नाही गं आजी. डॅडींबरोबर माझं पांघरूण गेलं."

सुनेच्या हातातली सुरी थांबली.

"निळं, ट्रकवालं," पोरगं सांगत होतं. "डॅडींच्या अंगावर नुसता कोट होता. चर्चमध्ये खूप गार होतं. म्हणून मी दिलं. त्याला पायाशी एक भोक होतं, पण मी ती बाजू खाली दुमडली."

पायेरेच्या बोटांत गळ रुतला. त्याला कळलंसुद्धा नाही.

आकाइटीचे हात केसांत तसेच राहिले होते. "पाय झाकले होते का त्याचे?" तिने विचारलं.

"हो. मी खोचलं नीट."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि वेणी पुरी केली.

आता आभाळ कोसळणार म्हणून पायेरे वाट बघत राहिला. कोसळलं नाही. तिने त्याला जेवायला वाढलं, त्याच्या बोटाला चिंधी बांधली, पण बोलली नाही. दोन दिवसांनी न राहवून त्याने ताटावर एक थाप मारली: एका वाम माशाने म्हणे पाद्रीबाबांची शेळी किनाऱ्यावरून ओढून नेली. एरवी आकाइटीने त्या वामाची कातडी सोलली असती.

"असेल," ती म्हणाली.

त्या 'असेल'ने पायेरेला जेवण गेलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने त्याच्या एकाही गोष्टीला 'असेल' म्हटलं नव्हतं. थाप पकडणारंच कुणी नसेल तर मारणाऱ्याने काय करायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "होडीतून काढून आण."

"काय?"

"जन्मात झाडू धरला नाहीस, आणि हिवाळ्यापासून होडीची शेड झाडतोयस. मला वाटलं होतं, बाटली लपवली असशील. म्हटलं, पिऊ दे, पोर गेलंय त्याचं."

पायेरेने जुन्या पालथ्या होडीखालून चटईत बांधलेली गोधडी आणली. एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता. तो काहीतरी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात आकाइटीने हात वर केला. "नको."

ती ओसरीत बसली आणि कुरतडलेल्या जागी निळ्या कापडाचा तुकडा लावायला लागली. शिवणाच्या बायका जमल्या. जी गोधडी तेओबरोबर मातीत गेली म्हणून त्यांनी गावोगाव सांगितलं होतं, ती डोळ्यांसमोर बघून एकीनेही ब्र काढला नाही. त्या वाकून बघू लागल्या. एवढ्या जास्वंदींमध्ये हे काय?

"ट्रक," आकाइटी म्हणाली.

"चाकं चौकोनी झालीयत गं."

"मी फुलं शिवलीत आयुष्यभर. मला काय ठाऊक चाकं."

केस कापायच्या दिवशी भुईत पुरलेल्या भट्टीतून डुक्कर निघालं, ढोल वाजले, एकेकाचं नाव पुकारलं गेलं आणि एकेक बट गळत गेली. शेवटची बट बापाची असते. नाव पुकारणारा थांबला. तेपाएरूने कात्री पायेरेच्या हातात दिली. "पापा, तुम्ही."

"आजोबा, कान वाचवा," मोएरोआ कुजबुजला.

पायेरेने बट कापली. बट पडली तसा पोराचा मागून उघडा पडलेला मानेचा खळगा दिसला, हुबेहूब तेओचा. पायेरे कात्री ठेवून मागे सरला. आकाइटी आली. खुर्चीवरची गोधडी तिने उचलली आणि नातवाला खांद्यापासून पायापर्यंत गुंडाळलं. उकाड्याने पोरगं लालबुंद झालं, पण हललं नाही.

"तू त्याला तुझं दिलंस," ती म्हणाली. "आता त्याचं तू घे."

नव्या वर्षात विमान सून-नातवाला घेऊन गेलं. गोधडीही गेली, या वेळी खरीच. घरी परतताना पायेरे अड्ड्याच्या वाटेने न येता समुद्राकडून लांबून आला.

ऊन उतरलं होतं. आकाइटी दारात बसली होती. अंगणात आंबे पडून फुटत होते, वेचणारं कुणी नव्हतं.

"सांग," ती म्हणाली.

"काय?"

"चर्चमध्ये काय झालं ते."

"आकाइटी, मी..."

"ते नको सांगूस. तुला खरं बोलता येत नाही, आता उगाच शिकू नकोस. चर्चचं सांग. नीट, पहिल्यापासून."

पायेरे पायरीवर बसला. घसा साफ केला. "निळं पांघरूण होतं," तो म्हणाला. "त्यावर ट्रक होते. एका रांगेत. पोराने ते उलगडलं, तसं अख्खं चर्च उभं राहिलं."

"पाद्रीबाबा?"

"स्तोत्र म्हणत होते. मध्येच थांबले. म्हणाले, हे ट्रक कुठे चाललेत? तर पोरगं म्हणालं, अटिउला."

आकाइटी हूं म्हणाली. "आणि भोक?"

"भोक खाली दुमडलेलं होतं. मग पांघरूण पायाशी खोचलं, आणि मग..." पायेरे थांबला. जन्मात पहिल्यांदा त्याला पुढचं सुचेना. समोर पडलेल्या आंब्यांकडे तो बघत राहिला.

"मग त्याने पायाचा अंगठा बाहेर काढला असेल," आकाइटी म्हणाली. "खोचलेलं पांघरूण तेओने कधी राहू दिलंय? लहानपणी मी दहादा झाकायचे, आणि दहादा..."

पायेरे सरकून तिच्याजवळ बसला.

"हो," तो म्हणाला. "काढला होता. मला सांगितलं तिकडच्यांनी."