ऐकू येत असेल तर दिवे लावा

ग्वेन टीट्जेनचा फोन आला तेव्हा मार्लीस हाव्रानेक विधानभवनासमोरच्या हॉलमध्ये टेबलांवर नावांच्या पाट्या मांडत होती. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या सगळ्या रेडिओ आणि टीव्ही केंद्रांची मिळून एक संघटना आहे, तिची ती संचालिका. मागच्या शरद ऋतूतच तिनं हे काम हाती घेतलं होतं. दर मार्चमध्ये संघटना आमदारांना जेवू घालते. वाडगाभर चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, शेजारी दालचिनीचा गोड रोल, आणि आमदारांची तोंडं भरलेली असताना आपलं गाऱ्हाणं त्यांच्या गळी उतरवायचं, अशी रीत. मार्लीसनं वीस-बावीस वर्षं रेडिओवर जाहिराती विकल्या होत्या, तेव्हा गोड बोलण्याची तिला सवय होती. तरी अलीकडे तिला वाटायला लागलं होतं की आपण संचालिका कसल्या, वाढपीच आहोत.

"मार्लीस, डेल्बर्ट गप्प झालाय," ग्वेन म्हणाली.

"कुठला डेल्बर्ट?"

"होल्मविलचा ओस्टरगार्ड, दुसरा कोण! सकाळी गुरांचे भाव सांगत होता. वाक्य अर्धं तोंडात, आणि बंद. तेव्हापासून नुसती खरखर."

मार्लीसच्या हातातली पाटी हातातच राहिली. ग्वेनचं रेडिओ केंद्र होल्मविलच्या शेजारच्या गावी. ग्वेन आणि डेल्बर्ट यांचं वैर अख्ख्या राज्याला ठाऊक होतं. शाळेच्या बास्केटबॉल सामन्यांचं प्रक्षेपण ग्वेननं डेल्बर्टच्या हातून काढून घेतलं, त्या दिवसापासून संघटनेच्या बैठकीला दोघं आले की त्यांना हॉलच्या दोन टोकांना बसवावं लागे.

"तू त्याचं केंद्र ऐकतेस?"

"शेजारी काय बोलतो ते ऐकायला नको? रोज ऐकते. ऑफिसात त्याचाच आवाज लावलेला असतो. अगं, बायको गेली त्या दिवशीसुद्धा हा माणूस गप्प बसला नव्हता. तिच्या निधनाची बातमी यानंच वाचली. काहीतरी भयंकर झालंय, मार्लीस. फोन लागत नाही. कुणाचाच लागत नाही तिथला."

त्या वर्षी हिवाळ्यात बर्फ उदंड पडलं होतं. जमीन दगडासारखी गोठलेली, आणि तिच्यावर दोन दिवस कोमट पाऊस कोसळला. पाणी जिरायला जागाच नव्हती. नदीवरचा बर्फाचा थर रात्रीत फुटला आणि त्याच्या लाद्या पाण्याबरोबर खाली निघाल्या. होल्मविलला जाणारे दोन्ही पूल त्यांनी उखडून नेले, हे दुपारपर्यंत कळलं. मोबाइलचे मनोरे पडले होते, वीज गेली होती. आत गावात काय चाललंय, ते शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलिसप्रमुखाच्या, वायरलेसवरून तुटक तुटक येत होतं. अर्धं गाव टेकडीवरच्या शाळेत होतं. बाकीचं अर्धं कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं.

मार्लीसनं आमदारांचं जेवण रद्द केलं. चिलीची पातेली जवळच्या निवाऱ्यात धाडून दिली आणि राज्यातल्या सगळ्या केंद्रांना एकच निरोप पाठवला: होल्मविलचा आवाज बंद पडलाय. तो परत सुरू करायचाय. कुणाकडे काय आहे?

निरोप पाठवला खरा, पण तिला फारशी आशा नव्हती. ही सगळी माणसं एकमेकांच्या जाहिराती पळवणारी, एकमेकांचे निवेदक फोडणारी. संघटनेची वर्गणी भरतानाही कुरकुर करणारी. डेल्बर्ट तर दरवर्षी बैठकीत सगळ्यांच्या तोंडावर म्हणायचा, "तुमची संघटना म्हणजे जेवणावळ. पंगत उठली की संपलं."

पण फोन खणखणायला लागला तो थांबेना. एका ख्रिस्ती भजनांच्या केंद्रानं अडगळीतला लहान ट्रान्समीटर देऊ केला. ओमाहा शहरातल्या एका टीव्ही केंद्रानं जनरेटर गाडीत चढवलासुद्धा होता, फक्त कुठं यायचं ते विचारत होते. कॉलेजच्या मुलांनी आपल्या केंद्राचा अँटेना उतरवायला घेतला. "आमचं चार दिवस बंद राहिलं तर कुणाचं काय अडतंय?" असं त्यांची प्राध्यापिका म्हणाली. पश्चिमेकडच्या, वाळूच्या टेकड्यांमधल्या एका म्हाताऱ्या केंद्रमालकानं फोनवर नुसतं विचारलं, "डेल्बर्ट जिवंत आहे ना?" आणि अजून काही कळलं नाही, असं मार्लीसनं सांगितलं तेव्हा म्हणाला, "केबल पाठवतो. लांब लागेल."

मार्लीसनं फोन खाली ठेवला. संघटना म्हणजे पाट्या, पंगती आणि बक्षीस समारंभ, असं तिनं धरून ठेवलं होतं. आणि इथं एका कंजूष, तुसड्या म्हाताऱ्याच्या आवाजासाठी सगळं राज्य उठून उभं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि रूबेन सलास सामान घेऊन निघाले. रूबेन संघटनेचा इंजिनीअर. राज्यभर फिरून लहान केंद्रांची यंत्रं तपासून द्यायची, हे त्याचं काम. पुराच्या कडेला रस्ता अडवलेला होता. पोलिसानं मार्लीसचं ओळखपत्र पाहिलं आणि अडथळा बाजूला केला. आपत्तीत प्रसारकांना वाट द्यावी, असा कायदा आधीच्या संचालकानं कैक जेवणावळी घालून मंजूर करून घेतला होता. मार्लीसला त्या कायद्याचं नावसुद्धा धड आठवत नव्हतं.

रस्ता जिथं पाण्यात शिरत होता तिथं ग्वेन उभी होती. पासष्टी ओलांडलेली बाई, अंगात बदकांच्या शिकारीचा मेणकापडी कोट, आणि मागे तिची सपाट बुडाची, मोठ्या पंख्याची नाव.

"बघताय काय? चढवा सामान," ती म्हणाली. "आणि रूबेन, तू मध्ये बस. तुझं वजन एका बाजूला आलं तर आपण तिघं आजच देवाघरी."

"मी बारीक झालोय हल्ली," रूबेन म्हणाला.

"कुठल्या बाजूनं?"

पंखा सुरू झाला आणि मग कुणाला काही बोलता येईना. नाव शेतांवरून चालली होती. खाली मक्याची खुंटं असणार, कुंपणं असणार, पण डोळ्यांना दिसत होतं ते फक्त करडं, धावणारं पाणी आणि त्यावर ट्रकएवढाल्या बर्फाच्या लाद्या. त्या एकमेकींवर घासल्या की असा आवाज येई की पंख्याच्या घरघरीतूनही तो छातीत जाणवे. एका झाडाच्या फांद्यांत गॅसची टाकी अडकून फुसफुसत होती. एका घराचं फक्त छप्पर वर होतं आणि छपरावर एक वासरू उभं होतं. आणि या सगळ्याच्या वर, आभाळात, दर मार्चसारखेच क्रौंच पक्षी चालले होते. हजारो. रांगांमागून रांगा, आपल्याच ओरडण्यात दंग. खाली काय झालंय याची त्यांना गंधवार्ताही नव्हती. मार्लीस या राज्यात जन्मली, वाढली. क्रौंच तिला नवे नव्हते. पण तिनं मान वर केली ती तिला खाली करवेना. आपण किती लहान आहोत, हे तिला भीती न वाटता कळलं.

होल्मविलमध्ये डेल्बर्टचं केंद्र पाण्याखाली गेलं होतं; धान्यकोठीचा काँक्रीटचा मनोरा तेवढा कोरडा उभा होता. त्याच्या धक्क्यावर, खांद्यावर घोंगडी घेऊन डेल्बर्ट ओस्टरगार्ड बसला होता. सत्तरी उलटलेला, दाढी वाढलेली, पायांत कुणाचे तरी दुसऱ्याचे बूट. नाव टेकली तशी त्यानं ग्वेनला ओळखलं.

"तू? माझं केंद्र बुडालं की नाही ते बघायला आलीस?"

"बघायला नाही, ऐकायला," ग्वेन म्हणाली. "कालपासून माझ्या ऑफिसात एवढी शांतता आहे की कामच सुचत नाही. ऊठ."

डेल्बर्ट उठला. केबलच्या वेटोळ्याचं एक टोक त्यानं खांद्यावर घेतलं आणि जिन्याकडे वळला.

मनोऱ्याची लिफ्ट बंद होती, म्हणून सगळं सामान जिन्यानं वर न्यावं लागलं. गावातले दहाबारा गडी आणि शेरीफचा एक माणूस मदतीला आले. जनरेटर धक्क्यावरच ठेवला, बाकीचं वरच्या खोलीत चढवलं. दुसऱ्या फेरीत ग्वेननं उरलेलं सामान आणलं. रूबेन छपरावर जाऊन वाऱ्यात अँटेना बांधत होता, आणि डेल्बर्ट प्रत्येक मजल्यावर बसून दम खात, शिव्या देत वर येत होता. त्याच्या हातात शाळेतून आलेली नावं होती. तिथं कोण कोण पोचलं ती.

दिवस कलायला लागला तेव्हा रूबेननं छपरावरून खोलीत डोकं घालून सांगितलं, "बोला."

डेल्बर्टनं माईक जवळ घेतला आणि त्याचा तुसडा आवाज एकाएकी बदलला. रोज सकाळी गुरांचे भाव सांगणारा, शेजारच्या घरातून आल्यासारखा.

"होल्मविल, डेल्बर्ट बोलतोय. उशीर झाला, माफ करा. आता शाळेत कोण कोण आहे ते सांगतो. तुमचं माणूस असेल तर रडू नका, आधी नीट ऐका."

तो नावं वाचत गेला. नावाबरोबर दोन शब्द जोडत होता: "आर्लो श्मिट, पाय मुरगळलाय, पण जेवतोय." "क्लाउसेनांची धाकटी, कुत्र्यासकट." सगळी नावं संपली. डेल्बर्टनं माईकवर हात ठेवला.

"कुणी ऐकतंय का, कुणास ठाऊक," तो मार्लीसला म्हणाला. "फोन नाहीत. मी भिंतीशी बोलत असलो तर?"

"विचारा त्यांना," मार्लीस म्हणाली.

"विचारू? आणि उत्तर कसं देतील, पोरी? ओरडून?"

"गाड्यांना बॅटरी असते. ट्रॅक्टरला असते. दिवे लावायला सांगा. आम्ही इथून बघतो."

डेल्बर्ट माईकवरचा हात काढून म्हणाला, "ऐका. हे ऐकू येत असेल तर दिवे लावा. गाडीचे, ट्रॅक्टरचे, काय असतील ते. धान्यकोठीकडे तोंड करून लावा, आणि उघडझाप करा. मी वाट बघतो."

मार्लीस खिडकीशी गेली. बाहेर पाण्याचा आणि आभाळाचा रंग एक झाला होता. आधी काहीच दिसेना. मग शाळेच्या टेकडीवर एक दिवा लुकलुकला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि पाहता पाहता सगळी टेकडी पेटल्यासारखी उघडझाप करायला लागली. खोलीतले गडी ओरडले. पण मार्लीसचं लक्ष टेकडीकडे राहिलं नाही. पूर्वेला, जिथं नुसतं पाणी होतं असं तिला वाटत होतं, तिथं एक दिवा लागला. त्याच्या पलीकडे आणखी एक. उत्तरेच्या चढावर एक, तळ्यापलीकडे दोन. प्रत्येक शेतघर आपापल्या बेटावर एकटं पडलेलं, आणि प्रत्येक जण अंधारातून सांगत होता: आहे. मी आहे. आम्ही आहोत. कुणाचे दिवे जोरात, कुणाचे बॅटरी संपत आल्यासारखे पिवळट. आयुष्यभर तिनं रेडिओच्या श्रोत्यांचे आकडे दाखवून जाहिराती विकल्या होत्या. श्रोते आज पहिल्यांदा तिच्या डोळ्यांसमोर होते.

"दक्षिणेला कोण राहतं?" तिनं विचारलं.

"बर्फाच्या बांधापलीकडे? येलिनेकांचं शेत," एक गडी म्हणाला. "पण ते परवाच गेले सगळे. घर रिकामं आहे."

"रिकामं नाही," मार्लीस म्हणाली.

सगळे खिडकीशी आले. बर्फाच्या लाद्यांचा ढीग साचला होता, त्याच्या मागे, गोठ्याच्या उंच माळ्यावर एक दिवा हळूहळू उघडझाप करत होता. बोटभर. विझेल असा. डेल्बर्टनं माईक ओढून घेतला.

"येलिनेकांच्या माळ्यावर कोण आहे? एकटं असाल तर एकदा. जास्त असाल तर तितक्यांदा."

दिवा उघडला, मिटला. उघडला, मिटला. पाच वेळा.

मग शेरीफचा माणूस धावत जिन्यानं खाली गेला आणि त्याच्या वायरलेसवरून निरोप सैनिकी हेलिकॉप्टरकडे पोचला. पूर्ण काळोख पडायच्या आत ते दक्षिणेकडे गेलं. येलिनेकांची विधवा सून आर्डिथ वासरांसाठी मागे फिरली होती, शेजाऱ्यांची तीन मुलं आणि त्यांची आजी तिच्याबरोबर अडकली होती. दोन दिवस गवतात बसून होती, सेलवर चालणाऱ्या छोट्या रेडिओला कान लावून. पाचही जणांना वर उचललं. डेल्बर्ट हेलिकॉप्टरचा दिवा बघत माईकवर सगळं सांगत होता, बास्केटबॉलचा सामना सांगावा तसा. शेवटची आजी वर गेली तेव्हा त्याचा आवाज फुटला आणि परत सुरूच होईना.

ग्वेन पुढे झाली. तिनं त्याच्या हातातून माईक काढून घेतला.

"नमस्कार होल्मविल," ती म्हणाली. "मी ग्वेन टीट्जेन. हो, तीच. डेल्बर्ट पाणी पितोय, तोवर मी आहे. बडबड कमी करते. आता ज्यांचे दिवे दिसले त्यांची नावं ऐका."

डेल्बर्ट भिंतीला टेकून बसला होता. डोळे पुसत म्हणाला, "माझ्या केंद्रावर ही बाई बोलणार, हे बघायचं राहिलं होतं."

पण त्यानं माईक परत मागितला नाही.

पाणी ओसरायला आठवडा लागला. तोवर राज्यातली निम्मी केंद्रं आळीपाळीनं आपले निवेदक होल्मविलला पाठवत राहिली. मनोऱ्यावरची खोली कधी रिकामी राहिली नाही. मार्लीस परत निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांत बर्फाच्या लाद्या पडून होत्या, उन्हात निळ्या चमकत होत्या. गाडीतला रेडिओ लावून ती एका केंद्रावरून दुसऱ्यावर जात राहिली. भजनं, गुरांचे भाव, जाहिराती, कुणाची तरी फालतू थट्टा. प्रत्येकाच्या मध्ये थोडा वेळ काढून कुणीतरी होल्मविलची बातमी देत होतं. एका चढावर तिनं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि काच खाली केली. समोर क्षितिजापर्यंत सपाट मुलूख, त्यावर कुठे कुठे काठीसारखे उभे मनोरे, आणि त्या प्रत्येकातून या क्षणी कुणीतरी कुणाशी तरी बोलत होतं. हवेत काहीच दिसत नव्हतं. ती बराच वेळ तिथंच गाडीत ऐकत बसली.