नावाखालचं नाव

रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांना वेड लागलं. लोक देवळात जाऊन बसतात, हे खाडीकाठी बावीस वर्षं पालथ्या पडलेल्या आमच्या होडीपाशी जाऊन बसले. वागळे इस्टेटमध्ये लेथवर जन्म काढला, तरी हात कोळ्याचेच. दोन वर्षं तासलं, ठोकलं, फटी बुजवल्या. चार हाका मारल्याशिवाय जेवायला उठतील तर शपथ.

कौतुक वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण रंगाऱ्याने होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, पिवळ्या अक्षरांत ‘जुनून’ लिहिलं आणि माझं डोकं फिरलं. लग्नाच्या वर्षी ह्यांनी तिथेच ‘सरस्वती’ लिहिलं होतं. म्हणजे मी.

होडी पाण्यात ढकलण्याआधी घरच्या बाईने नाळेला कुंकू लावायचं, ही आमच्या घरची रीत. त्याशिवाय हे होडी हलवणार नाहीत.

“माझं नाव पुसून वेडाचं लिहिलंत. आता वेडालाच सांगा कुंकू लावायला,” मी म्हटलं.

ह्यांचे लेथवरचे जोडीदार मुनीरभाई शहाडहून पेढे घेऊन आले होते. कारखान्यात ते ह्यांना ‘जुनून’ म्हणूनच चिडवायचे.

“भाभी, मतलब वेडच,” ते म्हणाले. “पण शब्द अरबी. त्याच्या मुळात झाकणं आहे. जिन म्हणजे जो दिसत नाही तो. आईच्या पोटातलं बाळ, ते जनीन. जन्नत म्हणजे झाडांनी जमीन झाकलेली बाग. आणि जुनून म्हणजे अकलेवर पडदा. अक्कल जात नाही, आत असते.”

“आमच्या ह्यांची कितीशी असणार आत!”

मेघाली, आमची सून, फिसकन हसली. हे म्हणाले, “जवळ येऊन बघ तरी गो.”

मी रागातच गेले. ऊन तिरपं पडलं होतं. सगळी होडी गुळगुळीत, फक्त नाळेवर हातभर रंग खडबडीत. जुना रंग खरवडल्याशिवाय नवा लावायचा नसतो, हे कोळ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. मी बोट फिरवलं. पिवळ्या अक्षरांखाली जुन्या अक्षरांचे उंचवटे लागले. स. मग र.

“तेवढं खरवडायला हात धजावला नाही,” हे म्हणाले.

“मग त्याच्यावर हे कशाला लिहिलंत?”

“बावीस वर्षं उघड्यावर होतं. उडत चाललेलं. आता झाकलंय, टिकेल.”

माझे डोळे भरून आले. मेघालीच्या हातातून करंडा घेतला. कुंकू टोकाला लावतात. मी ते त्या खडबडीत जागी, ‘स’वर लावलं आणि म्हटलं, “ढकला आता.”