दोन जिवांचं

‘ताकदीची सलाईन लावा की,’ म्हणून मीच डॉक्टरांच्या मागं लागले होते. माझ्या आईच्या, केवळाबाईच्या, पोटात कॅन्सरची गाठ. देगलूरहून नांदेडला आणली तेव्हा तिच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरत नव्हतं. आता सलाईनची पिशवी लटकत होती, दुधासारखी पांढरी, आणि मी विचारून बसले, ‘ह्यात काय असतं?’

‘अमिनो ॲसिड, म्हणजे प्रथिनांचे कण. साखर, तेलही,’ डॉक्टर म्हणाले. ‘अंगात ताकद राहते.’

‘आणि गाठीत?’

‘गाठही त्याच रक्तावर जगते. ती ह्यातलं किती उचलेल, त्यानं वाढेल का, हे ठाम सांगता येत नाही. पण हे नाही दिलं तर ऑपरेशन झेपायचं नाही.’

ते गेले. एवढं शिकून ठाम सांगता येईना! मला पिशवीकडं बघवेना. थेंब पडला की वाटायचं, हा कुणाच्या तोंडात गेला? शेवटी नळीवरचं चाक मी फिरवलं. थेंब थांबले.

आईनं डोळे उघडले. ‘कामून बंद केलीस गं?’

‘आई, गाठीलाबी पोसून राहिलंय हे.’

तिनं पोटावर हात ठेवला, अगदी मायेनं. ‘तुझ्या वेळेला दोन जिवांची होते, तवाबी असंच. आधी पोटातलं खायचं, उरलं तर मला.’ मग माझं मनगट धरलं. ‘चालू कर. लई भूक लागलीय.’

मी चाक उलटं फिरवलं. भूक कुणाला लागलीय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.