काळी दोनमध्ये गाणारा रोलर

त्या शुक्रवारी मिलच्या माडीचा जिना चढताना अप्पा दोनदा यंत्राचा पट्टा तपासायला थांबले. आधी सहाव्या पायरीवर, मग दहाव्या. शिवकांता दोन पायऱ्या खाली उभी राहून हातातल्या संहितेची पानं उलटत राहिली. अप्पांचं पाहून झालं की ते आपणहून पुढं निघत, हे तिला आता सवयीचं झालं होतं.

लातूरची ही डाळ मिल बंद पडून आठ वर्षं झाली होती. तिथं महादेवप्पांनी, म्हणजे अप्पांनी, चौतीस वर्षं मिस्त्री म्हणून काढली. आता नांदेडचा आनंदराज याच मिलमध्ये ऑपेरा बसवत होता. पाच वादक, दोन गायक आणि यंत्रांच्या मधोमध मांडलेल्या चाळीस खुर्च्या. जुनी यंत्रंही त्यात वाजणार होती, ती अप्पा पुन्हा चालू करून देत होते. गोष्ट एका जपानी कादंबरीतली होती. बंद रेशीम गिरणीचा म्हातारा रखवालदार आजारी असतो. ते तो मुलीला सांगत नाही, मुलगी विचारत नाही, आणि दोघं शेवटपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारत राहतात. अप्पांच्या मुलीनं, कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या शिवकांतानं, दोन वर्षं खपून त्याची मराठी गाणी लिहिली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिचं काहीतरी चार लोकांसमोर येणार होतं.

"ती पोरगी शेवटाला काहीच का म्हनत न्हाई गं माय?" माडीवर पोचल्यावर अप्पांनी विचारलं.

"तिकडची माणसं बोलत नाहीत, अप्पा. गप्प राहूनच सांगतात."

"गप बसलेली पोरगी बघायला चाळीस लोक कशाला बोलवायचे? तसली हाय की माझ्या घरी."

क्लॅरिनेटवाले जिलानीचाचा खो खो हसले. लग्नाच्या बँडमध्ये त्यांचं आयुष्य गेलेलं. अप्पांनी स्टार्टर दाबला. डाळ भरडायचा जुना रोलर खरखरला, मग घुमू लागला. अप्पांनी त्याच्या अंगावर तळवा ठेवला.

"ऐक," मुलीची भूमिका गाणाऱ्या सादियाला ते म्हणाले. "काळी दोन. बेरिंग सुकलं की चढतो, तेल पाजलं की जागेवर येतो. भजनाची पेटी मी ह्याच्यावर कान ठिवून लावायचो."

जिलानीचाचांनी सूर धरून पाहिला. "मिस्त्री, तुमचा रोलर माझ्या सगळ्या बँडपेक्षा सुरात हाय, लई शरमेची गोष्ट हाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा लिंगपूजेला बसले, ते उठले नाहीत. तळहातावर इष्टलिंग तसंच होतं. संध्याकाळी लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, कसला त्रास न होता गेला. शिवकांतानं मान डोलावली. त्या वाक्याचा तिला आधार वाटला होता.

दहाव्या दिवशी ती मिलमध्ये परतली. सादिया फोन घेऊन जवळ आली.

"अक्का, त्या शुक्रवारी सूर पाठ करायला मी रोलर रेकॉर्ड केला होता. फोन तिथंच ठेवून चहाला गेले होते. सुरुवातीचंच ऐकलंय मी, पण अप्पांचा आवाज आहे त्यात. तुमच्याकडं असू दे."

शिवकांता गोण्यांच्या थप्पीआड जाऊन ऐकू लागली. रोलर घुमला, थांबला. मग आनंदराजचा आवाज.

"अप्पा, डॉक्टर काय म्हणाले?"

"हृदयाचं ऑपरेशन सांगितलंय. धुळीत जाऊ नगा म्हनले. तारीख ढकलली म्या, खेळ झाल्यावर बघू. शिवकांताला सांगायचं न्हाई बरं का."

"नाही सांगत."

 मग पुन्हा आनंदराज.

"मग तोवर तो डाळ चाळायचा वरचा चाळणाही चालू होईल का, अप्पा? शेवटच्या प्रवेशाला हवा होता."

"हाव. करू की."

तिनं ते एकदाच ऐकलं. आनंदराज खुर्च्यांवर आकडे चिकटवत होता. तिनं फोन त्याच्यासमोर धरला आणि तेवढाच तुकडा लावला. त्याच्या हातातली चिकटपट्टी बोटांना गुंडाळत गेली.

"त्यांनी शब्द घेतला होता, अक्का."

"शब्द ठीक आहे. चाळण्याचं कुणी विचारायला लावलं होतं?"

त्यानं चिकटपट्टी बोटांवरून सोडवली. "प्रयोग रद्द करू. तुम्ही म्हणाल तसं. पण तुम्हीही रोज त्यांच्याबरोबरच…"

"पुढं बोलू नका."

ती जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. सहाव्या पायरीच्या दोन्ही बाजूंना नुसती भिंत होती. दहाव्या पायरीच्याही. पट्टा होता तो पलीकडच्या अंगाला, माडीवर पोचल्याशिवाय न दिसणारा.

"प्रयोग होईल," ती वळून म्हणाली. "स्टार्टर मी दाबेन."

प्रयोग ठरलेल्या दिवशी संध्याकाळी सहाला सुरू झाला. चाळीस खुर्च्या भरल्या, काही लोक रिकाम्या पोत्यांवर बसले. शेवटच्या प्रवेशात म्हातारा हवेबद्दल गायला, आभाळ निवळलंय म्हणाला. शिवकांतानं स्टार्टर दाबला. रोलर घुमला, वर अप्पांनी त्या शुक्रवारीच चालू करून ठेवलेला चाळणा थरथरू लागला. जिलानीचाचांनी काळी दोन धरली आणि सोडली. ठरल्याप्रमाणे तिनं यंत्र बंद केलं. इथून पुढं मुलीनं नुसतं बसून राहायचं होतं, दिवे मंद होईपर्यंत. सादिया तशीच बसली.

रोलर अजून गरम होता. शिवकांतानं त्याच्यावर तळवा ठेवला.

"अप्पा," ती म्हणाली.

पहिल्या रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं. आनंदराज अर्धवट उठला आणि तसाच थांबला.

"पट्टा तिथून दिसत नव्हता, अप्पा. तुम्हाला दम लागत होता, ते मला दिसत होतं. रोज दिसत होतं. विचारलं असतं तर खेळ थांबला असता. मला खेळ हवा होता, म्हणून मी पानं उलटत उभी राहिले."