जरा बेसूर वाजवा

“मामा, आता जरा बेसूर वाजवा,” असं म्हणून पुजाने मोबाईल पुन्हा रांजणाला टेकवून उभा केला आणि सासऱ्याचा चेहरा त्यात नीट बसतोय की नाही ते वाकून पाहिलं.

संतरामने मान हलवली. क्लॅरोनेटची वेताची पत्ती ओठांत धरली, डोळे मिटले आणि वाजवलं. ओसरीवर तूर पाखडत बसलेल्या त्याच्या बायकोचं, मंजुळाबाईंचं, सूप थांबलं. शेजारच्या अंगणात भांडी घासल्याचा आवाज येत होता, तोही थांबला. धून संपली. पुजाने मोबाईल बंद केला आणि कपाळाला हात लावला.

“हे बेसूर हाय व्हय?”

“म्या तर बिघडवायलाच बसलो होतो,” संतराम ओशाळून म्हणाला. “ओठ ऐकून न्हाई राहिले.”

सकाळपासूनचा हा चौथा की पाचवा प्रयत्न होता, आणि क्लॅरोनेट बदलून घ्यायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती.

संतराम गोरेगावच्या बँड पार्टीत तरुणपणापासून क्लॅरोनेट वाजवत आला होता. पावसाळ्यात सोयाबीन आणि तूर, लग्नसराईत क्लॅरोनेट, असं त्याचं आयुष्य चाललेलं. गावोगावी डीजे आले तशी बँडची बोलावणी कमी झाली. तरी सेनगाव भागात एखाद्या म्हाताऱ्याला आपल्या नातवाच्या लग्नात क्लॅरोनेट हवंच असायचं. मग बँडमधला गोपीचंद कॅसिओची पेटी गाड्यावर चढवायचा, ढोल-ताशे निघायचे आणि संतराम सगळ्यांच्या पुढे चालायचा. गेल्या उन्हाळ्यात टेम्पोने जोरात ब्रेक मारला, क्लॅरोनेट खाली पडलं आणि त्याचं लाकूड चिरलं. मेण लावून, दोरा गुंडाळून त्याने काही दिवस काम चालवलं. नंतर त्यातून नुसती हवा यायला लागली.

नवं घ्यायचं मनावर घेतलं ते सुनेने. पुजाचं माहेर डोंगरकड्याचं. तिच्या चुलत्याच्या, सोनाजींच्या मुलीचं, रुपाचं लग्न ठरलं होतं. सोनाजींनी थेट नांदेडहून डीजे सांगितला. पण रुपा बापाला म्हणाली, डीजे येऊ द्या, पण नवरदेवाचा परण्या वाजतगाजत मांडवाकडे निघेल तेव्हा पुजाताईच्या सासऱ्यांचंच क्लॅरोनेट पाहिजे. पुजाच्या लग्नात रुपा लहान होती. त्या लग्नात नवरदेवाचा बाप असूनही संतरामला मांडवात बसवेना. डोक्यावर फेटा तसाच ठेवून त्याने बँडवाल्याच्या हातातलं क्लॅरोनेट घेतलं आणि मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत स्वतः वाजवत आला. हे त्या पोरीच्या डोक्यात बसलं होतं. पुजाने फोनवर सगळ्या माहेराला ऐकू जाईल असा शब्द देऊन टाकला. चिरलेल्या क्लॅरोनेटचं तिने कुणाला सांगितलं नाही.

मग तिने मोबाईलवर शोधाशोध केली आणि मेरठकडच्या एका विक्रेत्याचं क्लॅरोनेट मागवलं. फोटोत काळंभोर लाकूड, चांदीसारख्या चाव्या. पार्सल गोरेगावच्या स्टँडवर आलं. तिच्या नवऱ्याने, दिपकने, सेनगावच्या फेरीची आपली जीप स्टँडवरच थांबवून ते घेतलं आणि उतारूंना तसंच बसवून ठेवून आधी घरी पोचतं केलं. संतरामने खोकं उघडलं, लाकडावरून हात फिरवला, नाकाशी नेऊन वास घेतला. लाकूड खरं होतं. तो लहान पोरासारखा खूश झाला. वाजवून पाहिलं तेव्हा मात्र त्याच्या कपाळाला आठी पडली.

वरचे दोन सूर खाली बसत होते. फार नाही, पण बसत होते. संध्याकाळी गोपीचंदचा कॅसिओ आणून लावला तेव्हा तर ते उघडंच पडलं. ओठ आवळले, श्वास दाबून दिला की सूर वर उचलला जायचा. पण दोन-तीन गाण्यांतच ओठ बधिर व्हायचे, आणि परण्या तर मारुतीच्या देवळापासून नाचत नाचत निघाला की मांडवात पोचायला दुपार होते.

पुजाने तक्रार केली. विक्रेत्याने व्हिडिओ मागवला. तो पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, की वाद्य उत्तम स्थितीत आहे, आवाज अतिशय सुंदर आहे, त्यामुळे तक्रार बंद करण्यात येत आहे. संतरामने ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

“मामा, हे कौतुक न्हाई. नकार हाय,” पुजा म्हणाली.

तिने फोनवर फोन केले. शेवटी विक्रेता स्वतः बोलला. कुलदीप त्याचं नाव. हिंदीत गोड बोलायचा. अंकलजी कमाल वाजवतात, तो म्हणाला, एवढं छान वाजणारं वाद्य मी खराब म्हणून परत घेऊ तरी कसं? दोष ऐकू येईल असा एक व्हिडिओ पाठवा, मी लगेच बदलून देतो. बोलणं तसं बरोबर होतं, म्हणून तर पुजाला जास्त राग आला.

आणि म्हणून सकाळपासून अंगणात हे चाललं होतं. संतराम बेसूर वाजवायला बसायचा, आणि तो खाली घसरणारा सूर जवळ आला की त्याचे ओठ आपोआप आवळले जायचे. वाटेत खड्डा आला की बैल जसा आपसूक बाजूने जातो, तसं. पुजाने स्वतः फुंकून पाहिलं, तर शेळी ओरडल्यासारखा आवाज निघाला आणि मंजुळाबाई हसून हसून लाल झाल्या. हा व्हिडिओ पाठवला तर कुलदीप म्हणेल, बाईला वाजवता येत नाही.

दुपारी दिपक जेवायला आला. त्याने सोपा रस्ता सांगितला. एखादी चावी मोडायची, फोटो काढायचा, आणि असंच आलं म्हणून पाठवून द्यायचं. संतरामने हातातला घास ताटात ठेवला.

“त्या लाकडानं तुह्यं काय वाकडं केलं?” एवढंच तो म्हणाला. दिपक भराभर जेवला आणि जीप घेऊन गेला.

उन्हं उतरली. संतराम क्लॅरोनेट मांडीवर घेऊन बसला होता. मंजुळाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

“आवो, लगीन झालं तवा वाजवत व्हते ना, तसं वाजवा.”

“तवा काय बेसूर वाजवत व्हतो काय म्या?”

मंजुळाबाईंनी पुजाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

“आगं, तू तर म्हणायचीस, लई गोड वाजतंय म्हणून.”

“नवं लगीन व्हतं. अजून काय म्हणू?” त्या म्हणाल्या. “भाकर घिऊन यायची मळ्यात, तर आंब्याखाली बसून कान झाकून घ्यायची. तुमचं झालं की मग यायची म्होरं.”

संतराम मोठ्याने हसला. त्याला ते दिवस आठवले. त्याला शिकवणाऱ्या लखमा उस्तादांनी गावात वाजवायची बंदी केली होती. सूर जागेवर येईस्तोवर मळ्यातल्या विहिरीवर जाऊन वाजव म्हणाले होते. तेव्हा ओठांना काहीच माहीत नव्हतं. छाती भरून फुंकायचं, बोटं उचलायची, आणि सूर जिथे जाऊन पडेल तिथे पडू द्यायचा. मजा मात्र फार यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुजाने व्हिडिओचा नाद सोडला आणि कुलदीपला थेट व्हिडिओ कॉल लावला. गोपीचंदने कॅसिओ ओट्यावर मांडला. गल्लीतल्या बाया भिंतीवरून डोकावल्या, काही सरळ आत येऊन बसल्या. संतरामची कानशिलं तापली. एवढ्या माणसांसमोर मुद्दाम वाईट वाजवायचं, आणि तेही शेकडो कोस दूर कुणीतरी बघत असताना. त्याने मंजुळाबाईंकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात उचलून कान झाकून घेतले आणि मान डोलावली.

गोपीचंदने कॅसिओची पट्टी दाबून धरली. संतरामने ओठ सैल सोडले, अगदी विहिरीवरच्या पोरासारखे, आणि फुंकलं.

कॅसिओ एकीकडे आणि क्लॅरोनेट दुसरीकडे. दोन सूर एकमेकांना घासत, करकरत राहिले. बाया हसायला लागल्या. खुंट्याची शेळी दावं ताणून मागे सरली. संतराम मात्र थांबला नाही. श्वास न तोडता त्याने हळूहळू ओठ आवळले. सूर वर चढत चढत कॅसिओच्या सुराला जाऊन चिकटला, आणि करकर एकदम मिटली. त्याने पुन्हा ओठ सोडले. सूर पुन्हा घसरला. पुन्हा उचलला. अंगणातलं हसणं थांबलं. आता सगळ्यांनाच ते ऐकू येत होतं.

“ऐकलं का भैया?” पुजाने विचारलं.

कुलदीपने मोकळेपणाने सांगून टाकलं, की मला सुरातलं काही कळत नाही, मी नुसता विकतो. थांबा, म्हणाला, आणि फोन घेऊन चालायला लागला. पडद्यावर जिना, अंधारी बोळ, मग लाकडाचे तुकडे दिसले, आणि शेवटी एक म्हातारा कारागीर. त्याच्या भुवयांवर भुसा बसला होता. त्याने फोन कानाला लावला, त्यामुळे अंगणातल्यांना फक्त त्याचा कानच दिसत राहिला. पुन्हा वाजवा, तो म्हणाला. संतरामने वाजवलं.

म्हाताऱ्याने हिंदीत विचारलं, हे सूर तुम्ही कधीपासून ओठांनी उचलताय? आल्यापासून, संतरामने सांगितलं. म्हाताऱ्याने सुस्कारा टाकला. वरचं छिद्र केसभर खाली पडलंय, तो म्हणाला, हात माझाच आहे, दोषही माझाच. तुमचा पहिला व्हिडिओ या पोराने मला दाखवला होता. मीच म्हणालो होतो, यात काही खराबी नाही. तुमच्या ओठांनी मला फसवलं.

संतराम संकोचला. कुलदीपने मागूनच ओरडून सांगितलं, की बदली मंजूर, हे कुरिअरवाला घेऊन जाईल. गल्लीतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. पण म्हाताऱ्याने फोन परत दिला नाही. नवं मी माझ्या हाताने निवडून, एकेक सूर तपासून पाठवतो, लग्नाच्या आधी पोचेल, तो म्हणाला. मग त्याने पुजाला एक विनंती केली. आयुष्यभर मी ही वाद्यं करतो आणि डब्यात घालून पाठवतो. लग्नात, माणसांत वाजताना आजवर एकही ऐकलेलं नाही. त्या दिवशी मला फोन लावाल का?

नवं क्लॅरोनेट लग्नाच्या आदल्या दिवशी आलं, तेव्हा दारात टेम्पो लागला होता आणि घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. संतरामने उभ्या उभ्याच खोकं फोडलं. गोपीचंदने टेम्पोतूनच कॅसिओची पट्टी दाबली. सूर गेला तो थेट जागेवर जाऊन बसला. ओठांना काही करावंच लागलं नाही. त्याने वरपासून खालपर्यंत सगळे सूर फिरवून पाहिले आणि मंजुळाबाईंकडे वळला. त्यांचे हात मांडीवर होते.

डोंगरकड्यात डीजेच्या भिंती मांडवाशेजारी उभ्या होत्या. परण्या निघायची वेळ झाली तेव्हा रुपाने आतून निरोप पाठवला, आणि सोनाजींनी स्वतः जाऊन डीजे बंद करायला लावला. गाव एकदम शांत झालं. मारुतीच्या देवळासमोर नवरदेव घोड्यावर बसला. संतरामने क्लॅरोनेट वर उचललं आणि पहिलाच सूर असा उंच, मोकळा सोडला, की डीजेवाली पोरंही पुढे येऊन उभी राहिली.

पुजा नव्या साडीत त्याच्यासमोर उलट पावलांनी चालत होती. पडदा त्याच्याकडे करून तिने मोबाईल उंच धरला होता. पडद्यावर तो म्हातारा दिसत होता. हत्यार बाजूला ठेवून, डोळे मिटून, गुडघ्यावर बोटांनी ताल धरून बसलेला. संतरामला वाटलं, आज एवढ्या गर्दीत आपण या एकाच माणसासाठी वाजवतोय. बाया नाचायला लागल्या. सोनाजीही नाचायला लागले. ढोलाच्या ठेक्यावर घोडं मान उडवत होतं आणि क्लॅरोनेट सगळ्यांच्या वरून वाहत होतं.

पाटलाच्या घराजवळ मिरवणूक अरुंद गल्लीत वळली, तशी मोबाईलची रेंज गेली. म्हातारा ताल धरलेल्या हातासकट थिजला आणि मग पडदा काळा झाला. संतरामला ते दिसलं. पुजालाही दिसलं असणार, कारण तिने क्षणभर मोबाईल तिरका करून पडद्याकडे पाहिलं होतं. पण तिने हात खाली घेतला नाही. तशीच मोबाईल उंच धरून, हसत, ती त्याच्यासमोर उलट पावलांनी चालत राहिली.

संतरामनेही आपण पाहिल्याचं तिला कळू दिलं नाही. त्याने छाती भरून श्वास घेतला, त्या काळ्या पडद्याकडे बघितलं, आणि पुढची धून धरली.