महाकायाच्या मानेतला गुडघा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, आयुष्यभर क्रेन चालवत आले. काही ढिलं दिसलं की आवळायचं, ही त्यांची खोड. त्यामुळे किटमधले सुटे भाग जोडून केलेल्या त्या वीतभर खेळण्यातल्या रोबोचा गुडघा जरा लुळा वाटला, तेव्हा त्यांनी सरळ सांध्यात गोंद ओतला. झालं! ज्याचा सांधा न् सांधा हवा तसा वळावा म्हणून कुणीतरी डोकं झिजवलं होतं, तो रोबो वर्गाबाहेर उभा केल्यासारखा ताठ.

"अगदी तुमच्यावर गेलाय," ताई म्हणाली. "बस म्हटलं तर बसायचा नाही."

दाजी हसले नाहीत. किट भाचीनं पाठवलं होतं. ती जहाजावर इंजिन सांभाळते आणि दुसऱ्या दिवशी घरी यायची होती. ती लहान असताना दाजी एक गुडघा टेकून तळहात पुढे करायचे; तळहातावरून मांडीवर आणि मांडीवरून थेट खांद्यावर तिची स्वारी चढायची. आता दाजींचे गुडघे वाकत नाहीत. "तुमच्या वतीनं याला वाकू द्या, बाबा," असं ती फोनवर म्हणाली होती.

ते किट बाजारात यायचं केव्हाच बंद झालेलं. तसाच दुसरा गुडघा मिळावा म्हणून आम्ही दुकानांमागून दुकानं पालथी घातली. एकानं बाहुली पुढे करून "हिचा चालेल का?" असं विचारलं. दाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की काउंटरचा रंग उडाला. शेवटी असल्या किटांचे सुटे भाग ठेवणाऱ्या चिमटाबाईंचा पत्ता मिळाला.

दुकान इतकं अरुंद, की श्वास बाहेर सोडून जायचं आणि परत घ्यायला रस्त्यावर यायचं. भिंती सगळ्या खणांनी भरलेल्या. वरचा खण उघडायला शिडी चढताना चिमटाबाई जेवणाचा डबा सोबत नेत. अंबाड्यात चिमटा खोचलेला. हसा, खुशाल हसा. पण मागच्या खोलीत जे पाहिलं, त्याला मला अजून हसता आलेलं नाही.

तिथं छताला टेकलेला एक रोबो उभा होता. सगळा उरल्यासुरल्या भागांचा. प्रत्येक किटमध्ये काही तुकडे जास्तीचे येतातच. इथला शिरस्ता असा, की जोडणाऱ्यानं ते आणून या महाकायाला लावायचे. इवल्या इवल्या पंजांचा मिळून एक पंजा, शेकडो खांद्यांचा एक खांदा. जवळ जावं तर नुसता चुरा; मागे सरावं तर छाती, आणि ती आता श्वास घेईल असं वाटावं. माझी जीभ, जिला ताई जन्मभर लगाम शोधतेय, ती टाळूला चिकटली.

"तुमचा गुडघा आहे," वर बघत चिमटाबाई म्हणाल्या. "पण याच्या मानेत."

"मग राहू द्या," दाजी म्हणाले. "पडेल तो."

"ते काढल्यावर कळेल. आजवर यातून कुणी काही काढलेलं नाही."

"मग आमच्यासाठी का काढता?"

"अहो, मागायलाच कुणी आलं नाही! जो तो ठेवायला येतो."

दुकानातली गिऱ्हाइकं आधार द्यायला धावली. एका दंतवैद्यानं कोपर धरलं, एका नर्सबाईंनी घोटा, दाजींनी कंबर. मी पुढे झालो तर चिमटाबाई म्हणाल्या, "तुम्ही तोंड धरा."

चिमटा आत गेला. टक्.

डोक्यापासून टाचेपर्यंत एक करकर उतरत गेली, गाढ झोपेतून उठणाऱ्याची हाडं वाजावीत तशी. आणि कायम सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघणारं ते मस्तक हलकेच खाली आलं. आणखी खाली. मग थांबलं.

तो आमच्याकडे बघत होता.

कुणी हात काढेना. दंतवैद्याचं तोंड उघडं ते उघडंच.

"इतकी वर्षं," चिमटाबाई पुटपुटल्या, "मला वाटायचं, हा पूर्ण झालाय."

दुसऱ्या दिवशी भाची आली. टेबलावर रोबो एक गुडघा टेकून, तळहात पुढे करून बसला होता. तिनं बॅग दारातच सोडली. जवळ येऊन करंगळीचं टोक त्याच्या तळहातावर ठेवलं आणि हळूहळू भार दिला. गुडघा किंचित दबला, मग सावरला.



"पेलतोय," दाजी म्हणाले.